चेन मायच्या काठावरची साखर

चेन माय डोहाच्या काठावर टाळ्या वाजत होत्या. रविवारची दुपार. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांतून आलेले पर्यटक टॉवेल गुंडाळून ओल्या अंगाने उभे होते, त्यांच्यामागे आमचं निम्मं साकनाब गाव, आणि सगळ्यांच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर चिच रेमिहिया बसली होती. चिच म्हणजे आजी. गावात लहानथोर सगळेच तिला तसं म्हणतात. तिच्यापुढे तात बालाम उभा होता: पांढरे सुती कपडे, कमरेला जग्वारच्या ठिपक्यांचं कापड, डोक्यावर हिरव्या पिसांचा मुकुट. पिसं टर्कीची होती, रंग दुकानातला होता.

त्याच्या हातात रक्तातली साखर तपासायचं यंत्र होतं. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं तसलं.

“आंघोळीआधी किती होती?” त्याने गर्दीला विचारलं.

“तीनशे ऐंशी!” गर्दी म्हणाली.

“आणि आता? एकशे दहा!” त्याने यंत्र उंच धरलं. “डॉक्टर काय म्हणतात? मधुमेह बरा होत नाही. डॉक्टरांनी कधी पिरॅमिडला विचारलं? पाण्याला स्मरणशक्ती असते, मित्रांनो. या पाण्याला जग्वारची कंपनं आठवतात. ती तुमच्या पेशीपेशीत शिरतात आणि साखर बाहेर ढकलतात!”

एक पर्यटक बाई रडू लागली. दुसरीने वाकून आजीचा हात हातात घेतला. “आजी, पाणी फार गार होतं का हो?”

“मला काय माहीत बाई? मी कुठं उतरले? बुडायची भीती वाटते मला. मी आपली फाटकापाशी नळाखाली आंघोळ केली.”

लोक हसले. बालामही हसला, पण एक क्षण उशिरा. “ऐकलंत? चेन मायचा नुसता श्वास पुरला!”

पुन्हा टाळ्या. चिच रेमिहियाला मधुमेह होता हे तिलाही त्याच दिवशी सकाळी कळलं होतं. दुपारपर्यंत तो बरा झाला. इतका छोटा आजार मी आजवर ऐकला नव्हता.

मी मेरिदा शहरातल्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. विहिरींचं, नळांचं, आणि आमच्या चुनखडीच्या जमिनीत जागोजागी खचून तयार झालेल्या डोहांचं, म्हणजे सेनोतेंचं. रविवारी गावी येते, कारण गावात माझी थोरली बहीण नेल्बा राहते. ताई बालामच्या या रविवारच्या सहलीचं जेवण करते. शनिवारी संध्याकाळी ती मसाला लावलेलं डुकराचं मांस केळीच्या पानांत बांधून निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरते. रविवारी पर्यटक पोहून आले की खड्डा उघडतात. तिच्या हाताच्या त्या मांसासाठी माणसं दुसऱ्यांदा सहलीला आली आहेत.

ताईला कित्येक वर्षांपासून मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिन लागतं. ईस्टरपासून तिने ते बंद केलं होतं.

“सुई घेतलीस?” मी स्वयंपाकघरात शिरतानाच विचारायची.

“लिगिया, तू बहीण म्हणून येतेस की सरकारी तपासनीस म्हणून?”

“तुझा पाय दाखव.”

“पायाला काही झालेलं नाही. दगड लागला. बरा होतोय.”

“ईस्टरपासून बरा होतोय. आणि झगा किती सैल झालाय तुझा.”

“मग चांगलंच आहे की! आयुष्यभर तूच म्हणत होतीस, बारीक हो.” ती मोठा पेला भरून पाणी प्यायली. लगेच दुसरा भरला. “तात म्हणतात, सुई आणि सेनोते एका अंगात नांदत नाहीत. आणि माझी साखर दर रविवारी उतरते. सगळ्या गावासमोर उतरते. यंत्र खोटं बोलतं का? यंत्रावर तर तुझा विश्वास आहे ना?”

हे तिचं बरोबर होतं. यंत्रावर माझा विश्वास होता, म्हणूनच मला उत्तर देता येत नव्हतं.

म्हणून मला जे येतं ते मी केलं. चेन मायचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, तपासलं. चुना होता, मीठ होतं, नायट्रेट जरा जास्त होतं, आणि कुठल्यातरी डुकरांच्या शेडमधून झिरपत आलेले जंतू होते. साखर उतरवणारं काही नव्हतं. पोट बिघडवणारं थोडंफार होतं.

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “तुझ्या बाटलीत देव मावत नसतो.” मग पोळी तव्यावर उलटून म्हणाली, “तू नेहमी शेवटी येतेस. दुपारी येतेस, तोंड वाकडं करून उभी राहतेस. एकदा सकाळपासून पूर्ण सहल कर. अवशेषांपासून. मग बोल.”

पुढच्या रविवारी मी सकाळीच गाडीत बसले.

बालामचं खरं नाव विल्बर्थ सोसा. पूर्वी तो कानकुनला हॉटेलातल्या खोल्यांचे आठवडे विकायचा. म्हणजे खोली तुमची, पण वर्षातून एकच आठवडा. हे ज्याला विकता येतं त्याला काहीही विकता येतं. आमच्या गावाने मात्र त्याला वरवर पाहून स्वीकारलं नव्हतं. त्याने सहल आणली, फाटकाला माणूस ठेवला, बायकांना स्वयंपाकाचं काम दिलं, आणि रविवारी गावातल्या आजाऱ्यांना गाडीत फुकट जागा दिली. लोक त्याला तात, म्हणजे बाप, म्हणू लागले ते उगाच नव्हे.

गाडी गास्पार चालवतो. त्या दिवशी गाडीत ग्वादालाहाराचं एक कुटुंब होतं. त्यातले सेन्योर ओर्नेलास, निवृत्त कंत्राटदार, स्वतः मधुमेही. पुढच्या बाकावर ताई आणि चिच रेमिहिया. ताई माझ्याकडे वळून पाहत नव्हती.

अवशेष आमच्या गावाच्या शिवेवर आहेत. एक पिरॅमिड, चेंडू खेळायचं एक मैदान, आणि मुळांनी धरून ठेवलेल्या भिंती. बालामने सगळ्यांना पायऱ्यांसमोर उभं केलं आणि टाळी वाजवली. पिरॅमिडमधून पाखराच्या चिवचिवाटासारखा आवाज परत आला.

“पूर्वज उत्तर देतात!”

पायऱ्या एकामागे एक आहेत, त्यामुळे आवाज तुकड्यातुकड्याने परततो आणि असा ऐकू येतो. तिथे सपाट भिंत असती तर पूर्वजांनी साधी टाळीच परत केली असती. पण यात कुणाचं नुकसान नव्हतं.

मग आशीर्वाद. भोपळ्याच्या वाडग्यात पाणी, त्यात आमच्याकडच्या बिनडंखी माश्यांचा मध, वर सताप या उग्र वासाच्या झाडाची डहाळी. बालाम प्रत्येकाचे दोन्ही हात पुढे घेई, त्यावर ते पाणी ओती, आणि एकेक बोट अगदी टोकापर्यंत चोळी. अंगठीसुद्धा फिरवून आतून.

“पुसायचं नाही. धुवायचं नाही. उन्हात वाळू द्या. हा आशीर्वाद चेन मायने स्वतः उतरवून घ्यायचा असतो.”

पर्यटकांनी ऐकलं, कारण सहलीत माणूस सांगेल ते ऐकतो. आमच्या लोकांना तर सांगायचीही गरज नव्हती. शेतात पावसासाठी पूजा घालतात तेव्हा मक्याचं पेय मध घालून देवांपुढे ठेवतात. वाटताना हातावर सांडलं तर आम्ही ते धूत नाही, वाळू देतो. माझ्या हातावर ते पाणी पडलं तेव्हा मीही हात आपोआप उन्हात धरले होते. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढून.

तिथून चेन मायकडे निघालो. गास्पार गाडी चालवताना एक हात उचलून विजारीला घासत होता.

“काय झालं रे?” चिचने विचारलं.

“हे स्टिअरिंग, चिच! दर रविवारी असं होतं. सोमवारी धुवावं लागतं. मुंग्या लागतात. एखाद दिवशी भूक लागली तर चाटून खाईन मी गाडी.”

सगळे हसले. मी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग जीभ लावून पाहिली.

मी इतके दिवस पाण्यात शोधत होते.

चेन मायच्या फाटकाशी नळ आहेत. अंगाला लावलेलं तेल, मलम, उन्हाचं क्रीम डोहात जाऊ नये म्हणून आमच्याकडे कुठल्याही सेनोतेत उतरण्याआधी आंघोळ करावीच लागते. पण त्या नळांच्या अलीकडे एक टेबल होतं. टेबलावर यंत्र आणि बाजूला एक डबा. डब्यात लोकांनी टाकलेली औषधं होती: गोळ्या, सुया, इन्सुलिनची पेनं. त्यातलं एक ताईचं होतं. त्यावर तिने नखाला लावायच्या लाल रंगाने खूण केली होती.

ओर्नेलास पहिले बसले. “टोचण्याआधी अल्कोहोलचा बोळा फिरवत नाही का? आमच्याकडे नर्स फिरवते.”

“रसायन पूर्वजांना चालत नाही,” बालाम म्हणाला आणि टोचलं. “चारशे तीस!”

“काय?” ओर्नेलासांच्या बायकोने छातीला हात लावला. “अहो, आज सकाळी हॉटेलात एकशे साठ होती ना?”

“हॉटेलात रोग झोपलेला असतो, सेन्योरा. पिरॅमिडने त्याला जागा केला. आता पाणी त्याला बाहेर काढेल.”

“आज ही उतरली ना,” ओर्नेलास घाम पुसत म्हणाले, “तर माझी पेनं इथेच टाकून जातो.”

“डबा तयार आहे,” बालाम नम्रपणे म्हणाला.

मग ताई बसली. पाचशे साठ. ती अभिमानाने माझ्याकडे पाहू लागली, कारण आकडा जितका मोठा तितका दुपारचा चमत्कार मोठा.

“आता माझं घ्या,” मी म्हणाले.

“तुम्हाला कुठे मधुमेह आहे, लिगियाबाई?”

“चिचलाही नव्हता.”

त्याला नाही म्हणता येईना. माझ्या उजव्या हाताचं बोट त्याने टोचलं. तीनशे पंच्याण्णव. गर्दीत कुजबुज झाली.

“पाहा!” त्याचा आवाज चढला. “मेरिदाची शिकलेली बाई! जगाचं पाणी तपासते, आणि स्वतःच्या रक्तात काय साठलंय याचा पत्ता नाही!”

“अग बाई,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात खरी काळजी होती. “लिगिया, तुला पण?”

“एक मिनिट,” मी म्हणाले. मी नळाशी गेले, डावा हात साबणाने धुतला, रुमालाने कोरडा केला आणि टेबलावर ठेवला. “आता हा.”

“आशीर्वाद धुतला!” मागून कुणीतरी ओरडलं.

“लिगिया! लाज वाटत नाही?” ताई.

“घ्या ना. यंत्र खोटं बोलत नाही.”

त्याने घेतलं नाही, म्हणून गास्पारने टोचणी उचलली आणि घेतलं. आकडा मोठ्याने वाचला: “ब्याण्णव.” मग त्याने माझ्याकडे, माझ्या दोन हातांकडे, आणि पुन्हा यंत्राकडे पाहिलं. “अरेच्चा! ही बाई उजवीकडून आजारी आहे.”

“डावा हात चंद्राचा असतो,” बालाम लगेच म्हणाला. “त्यात साखर थांबत नाही. उजवा सूर्याचा. जुनं ज्ञान आहे.”

“असं? मग माझा सूर्याचा धुऊन घेतो,” गास्पार म्हणाला आणि नळाकडे गेला. उजवा धुतलेला: अठ्ठ्याण्णव. डावा न धुतलेला: चारशेच्या वर. “माझा चंद्र बिघडलाय वाटतं, तात.”

मग रांग लागली. ओर्नेलासांची बायको, फाटकावरचा माणूस, चिच. थोड्याच वेळात तिथल्या जवळजवळ प्रत्येकाचा एक हात मधुमेही आणि एक निरोगी निघाला. ओर्नेलासांचा धुतलेला हात एकशे सत्तर दाखवत होता. हॉटेलातल्या रोगाने फारशी कूस बदलली नव्हती.

बालाम म्हणाला की इतक्या अश्रद्ध माणसांपुढे ऊर्जा टिकत नाही.

“मग तू स्वतःचं घे की रे,” चिच रेमिहिया म्हणाली. “तुझी श्रद्धा आहे ना?”

“का नाही?” त्याने बाही मागे सारली, खुर्चीवर बसला, आणि कमरेच्या पिशवीतून एक छोटं पाकीट काढून दातांनी फाडलं. आत अल्कोहोलचा बोळा होता. त्याने बोट नीट पुसलं आणि मग वर पाहिलं. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

“पूर्वजांना चालत नाही ना?” ओर्नेलासांनी विचारलं.

बालामने बोळा पुन्हा पिशवीत कोंबला.

मी जे सांगितलं ते फार नव्हतं. यंत्राच्या पट्टीला रक्ताचा बारीकसा थेंब लागतो. तो ज्या बोटावर येतो त्या बोटावर मध वाळलेला असेल तर तो थेंबात विरघळतो, आणि यंत्र रक्ताची आणि मधाची साखर एकत्र मोजतं. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला कुठली साखर कुणाची ते कळत नाही. मग माणूस नळाखाली उभा राहतो, मध वाहून जातो, आणि पुढचा आकडा खरा येतो. डोहात उतरा नाहीतर काठावर बसा. चिचला नळाने बरं केलं होतं.

लोक हसत होते. गास्पार विजारीला हात पुसत म्हणत होता की निदान गाडीच्या मुंग्यांचं कोडं सुटलं. फक्त ताई हसत नव्हती.

“झालं ना समाधान?” ती हळू आवाजात म्हणाली. “सगळ्या गावासमोर मला मूर्ख ठरवलंस.”

“ताई, तू अजून हात धुतले नाहीस.”

ती उठली. नळापाशी जाऊन तिने हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, मक्याचं पीठ मळण्याआधी धुते तसे. आली आणि बोट पुढे केलं. टोचलं मीच.

चारशे दहा.

हसणं थांबलं. आता धुऊन उतरवायला काही उरलं नव्हतं. या आकड्यात मध नव्हता.

“गेल्या रविवारी पोहून आल्यावर किती होती?” मी विचारलं.

“तीनशे साठ. पण आधीची साडेपाचशे होती, म्हणून...” ती थांबली. “त्याच्या आधीच्या रविवारी तीनशेच्या आत होती. आणि त्याच्या आधी...” ती खुर्चीत मागे टेकली. “लिगिया, ही तर वाढतच चालली आहे.”

आम्ही सगळे दर रविवारी दोन आकड्यांमधला फरक पाहून टाळ्या वाजवत होतो. दुसरा आकडा कुणी पाहिलाच नव्हता. मीही नाही; मी तोंड वाकडं करण्यात गुंतले होते.

मी तिच्याजवळ वाकले तेव्हा तिच्या श्वासाला अतिपिकलेल्या फळासारखा वास येत होता. हा वास मला पुस्तकातून माहीत होता: इन्सुलिनवाचून रक्तात आम्ल साठत गेलं की तो येतो. तो आला की थांबायचं नसतं.

“आत्ताच्या आत्ता वायादोलिदच्या इस्पितळात,” मी म्हणाले.

“गाडी आहे,” गास्पार म्हणाला.

“गाडी आमची सहलीची आहे!” बालाम म्हणाला.

“मग आम्हीही येतो,” ओर्नेलास म्हणाले. “सहल आमचीच आहे ना? बसा सगळे.” आणि ते, त्यांची बायको आणि दोन मुलं पोहण्याच्या कपड्यांतच गाडीत चढली.

“आणि मांस?” ताई दारात अडून उभी राहिली. “मांस खड्ड्यात आहे! कोण काढणार?”

“मी काढते. तू जा,” चिच म्हणाली.

“वरची माती आधी नीट बाजूला कर हं. नाहीतर कचकच लागेल दाताखाली. आणि कांदा फाटकाच्या खोलीत—”

“नेल्बा, तू जन्मायच्या आधीपासून मी खड्डे उघडतेय. बस गाडीत!”

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आम्ही शिरलो तेव्हा नर्सने आधी पोहण्याचे कपडे घातलेल्या ओर्नेलासांना पाहिलं आणि बुडालं कोण म्हणून विचारलं. ताईला आत घेतलं. डॉक्टर तरुण होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की अजून दोन-तीन दिवस गेले असते तर तिला शुद्धीवर आणणं अवघड होतं. पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला.

बालाम त्या आठवड्यात गाव सोडून गेला. किनाऱ्यावर कुठेतरी गुडघे बरे करतो असं ऐकलं. सहल बंद पडेल अशी गावाला भीती होती आणि मला काही लोकांनी तसं तोंडावर सुनावलंही. सहल चालू आहे. माणसं पिरॅमिड पाहायला येतात, टाळी वाजवतात, गार पाण्यात उतरतात, पोटभर जेवून जातात. चेन मायला कधीच आजार बरे करायची गरज नव्हती.

ताई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी सुई घेता घेता म्हणाली, “हे तू मला एकटीला सांगायचं होतंस.”

“किती वेळा सांगितलं, ताई.”

“हो,” ती म्हणाली. “तेही खरंच.” आणि दुसरीकडे पाहू लागली.

हे मी कुणाच्या देवाविरुद्ध लिहीत नाही. आमच्या शेतात पावसाच्या देवांना अजूनही मध ठेवतात, आणि मी असले तर मीही हात पुढे करते. त्या पूजेने आजवर कुणाला औषध टाकून द्यायला सांगितलेलं नाही. जो सांगतो, त्याला प्रश्न विचारा. माप कुणी घेतलं? कशावर घेतलं? तेच माप दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या जागी, धुतलेल्या हातावर घेतलं तर तेवढंच येतं का? आणि दोन आकडे दाखवले, तर फरकाला टाळ्या वाजवण्याआधी दुसरा आकडा नीट वाचा. हे विचारायला शिक्षण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. साबण लागतो, आणि सगळे टाळ्या वाजवत असताना आपले हात थोडा वेळ खाली ठेवायची तयारी लागते.